सात पौंडांचा उन्हाळा

प्रयोगशाळेत त्या उपकरणाला सगळे 'बाँब' म्हणत. हातभर लांबीचं, दोन कप्प्यांचं, जड धातूचं नळकांडं. खालचा कप्पा लहान, पेट्रोलचा. वरचा त्याच्या चौपट, हवेचा. टोकाला दाब दाखवणारा काटा. १९८४ च्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या बंदराला लागून असलेल्या विल्मिंग्टनमधल्या एका रिफायनरीत मी रात्रपाळीची विश्लेषक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच रात्री माझ्या हातात हे नळकांडं आलं.

पेट्रोलची बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. खालचा कप्पाही बर्फाइतका थंड हवा. वरचा कप्पा मात्र १०० अंश फॅरेनहाइटला, म्हणजे आपल्या ३७.८ अंश सेल्सिअसला तापवलेला. पेट्रोल ओतायचं, काही सेकंदांत दोन्ही कप्पे जोडायचे, उलटं करून आठ वेळा जोरात हलवायचं आणि ३७.८ अंशांच्या पाण्यात बुडवायचं. पाच मिनिटांनी काटा वाचायचा. बाहेर काढून पुन्हा हलवायचं, पुन्हा बुडवायचं. असं निदान पाच वेळा, आणि लागोपाठची दोन वाचनं सारखी येईपर्यंत. पाळीत आठ-दहा नमुने आले की सकाळी घरी कणीक मळताना मनगटं बोलायची.

काट्यावरचा आकडा म्हणजे 'रीड बाष्पदाब', चौरस इंचाला अमुक पौंड. आम्ही नुसतं 'पौंड' म्हणायचो. "टाकी किती पौंडांची आली?" "साडेआठ." एवढंच बोलणं. हा आकडा मी एकतीस वर्षं मोजला. आधी या बाँबनं, पुढे काही मिलिलिटर पेट्रोल घेऊन पाच मिनिटांत उत्तर देणाऱ्या यंत्रानं. लोक पेट्रोलला भावावरून ओळखतात, फार तर ऑक्टेनवरून. जुलैत टाकीत भरलेलं पेट्रोल आणि जानेवारीत भरलेलं पेट्रोल ही दोन वेगळी मिश्रणं असतात, हे अमेरिकेत चाळीस-चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसांनाही मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणून त्या आकड्याची गोष्ट लिहून ठेवते आहे.

माझं लहानपण चेंबूरचं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माहुलच्या रिफायनरीत फिटर होते. माहुलला दोन रिफायनऱ्या १९५४-५५ साली उभ्या राहिल्या आणि अण्णा त्यानंतर तीन-चार वर्षांनी लागले. घरी आले की कपड्यांना तो वास असे. रविवारी ते सायकलची साखळी धुवायला वाटीभर पेट्रोल काढत आणि मला बजावत, "झाकण लाव आधी. उडून जातं ते." मराठीत पेट्रोल 'उडतं'. अत्तर उडतं, कापूर उडतो, तसं. पुढे रुईया कॉलेजात रसायनशास्त्र शिकताना 'बाष्पनशीलता' हा शब्द पाठ केला, पण अण्णांच्या एका शब्दात ते सगळं आधीच आलेलं होतं.

पेट्रोल म्हणजे एक द्रव नव्हे, शेकडो द्रवांचा मेळा. त्यातले काही जड, शंभर-दीडशे अंशांनंतर उकळणारे. काही हलके. सर्वांत हलका ब्युटेन. तो शून्याच्या अर्धा अंश खालीच उकळतो, म्हणजे एरवी तो वायूच; पेट्रोलमध्ये विरघळवला म्हणून द्रवात राहतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर असतो तोच हा ब्युटेन. एकट्या ब्युटेनचा बाष्पदाब पन्नास पौंडांच्या वर. समुद्रसपाटीला हवेचा स्वतःचा दाब १४.७ पौंड. पेट्रोलची वाफ हवेच्या दाबाला गाठायला लागली की ते नळीतच उकळू लागतं. त्यामुळे किती ब्युटेन घालायचा हा प्रश्न ऋतूशी बांधलेला आहे. मिनेसोटात जानेवारीच्या पहाटे उणे तीस अंशांत इंजिनानं पेट घ्यावा म्हणून पेट्रोल पंधरा पौंडांपर्यंत हलकं करतात. तेच पेट्रोल जुलैत लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर आणलं, तर टाकीचं झाकण उघडताच फुसकारा टाकेल.

हलक्या पेट्रोलचं भय माणसाला फार लवकर कळलं, आणि तेही वाईट रीतीनं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ओक्लाहोमात तेलविहिरींच्या तोंडाशी तेलाबरोबर वर येणारा वायू दाबून, थंड करून त्यातून अतिशय हलकं पेट्रोल काढू लागले. त्याला 'केसिंगहेड' पेट्रोल म्हणत. जड, स्वस्त नॅप्थात ते मिसळलं की गाड्यांना चालण्याजोगं पेट्रोल तयार. सप्टेंबर १९१५ मध्ये अशा पेट्रोलचा एक रेल्वे टँकर आर्डमोर गावच्या स्थानकात उभा होता. दिवस उन्हाचे. टँकरच्या झडपेतून वाफ निसटत राहिली. २७ सप्टेंबरला दुरुस्तीसाठी त्याचं वरचं झाकण काढलं गेलं आणि पेट्रोल उसळलं. वाफ जमिनीलगत गावाच्या बाजारपेठेत पसरली. हवेपेक्षा जड असते ती, वर जात नाही, वाट काढत सरपटते. मग ठिणगी मिळाली. चाळीसहून अधिक माणसं गेली, भर पेठेतल्या इमारती कोसळल्या. आमच्या सुरक्षा-वर्गात हे आर्डमोर दर वर्षी शिकवत आणि दर वर्षी मला वडिलांची ती वाटी आठवे.

त्या काळी कारखानदाराची काळजी एकच असे: थंडीत गाडी सुरू झाली पाहिजे. १९१२ साली कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर आणला, तोवर समोर उभं राहून हँडल फिरवायचं आणि तरी इंजिन ऐकलं नाही तर त्यावर गरम पाणी ओतायचं. हिवाळ्यात हलकं पेट्रोल द्यावं, उन्हाळ्यात जरा जड, हे शहाणपण तेव्हापासूनचं. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये शेल कंपनी 'समर शेल' आणि 'विंटर शेल' अशा नावांनी पेट्रोलची जाहिरात करी आणि ऋतू पालटला की नवी रंगीत भित्तिचित्रं झळकत. अमेरिकेत ब्युरो ऑफ माइन्सची बार्टल्सव्हिलची प्रयोगशाळा देशभरातून नमुने गोळा करून उन्हाळी पेट्रोलचा एक आणि हिवाळी पेट्रोलचा एक असे वेगवेगळे अहवाल छापे. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्यांची पिवळी पडलेली चळत होती. रात्री तीनच्या सुमाराला, बाँब पाण्यात बुडालेला असताना, मी ते अहवाल वाचत बसे.

उन्हाळ्यात हलकं पेट्रोल दिलं की गाडी अडते, हेही लोकांना माहीत होतं. इंधननळीत वाफेचा बुडबुडा धरला की पंप नुसती वाफ ओढत राहतो. आपल्याकडे बोरघाटात मे महिन्यात बॉनेट उघडून, इंजिनाजवळच्या इंधनपंपावर ओलं फडकं टाकून बसलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मात्र हा सगळा विचार गाडीपुरता होता. टाकीतून, कार्ब्युरेटरमधून, पंपाच्या नळीतून जी वाफ हवेत जाते तिचं पुढे काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ लॉस एंजेलिसवर आली.

२६ जुलै १९४३. युद्ध चालू होतं. त्या सोमवारी शहराच्या मध्यभागी तपकिरी, झोंबणारा धूर उतरला. तीन चौकांपलीकडचं दिसेना, लोकांचे डोळे वाहू लागले, घसे खवखवले. जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी बोलवा उठली. मग संशय गेला अलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर. तिथे कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनत होतं. कारखाना काही काळ बंद ठेवला. धूर येतच राहिला.

उत्तर सापडलं ते अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसाला. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच, पॅसाडेनाच्या कॅलटेकमध्ये जीवरसायनाचे प्राध्यापक. अननसाला त्याचा वास देणारी उडती द्रव्यं कोणती, हे ते शोधत होते. हवेतली अगदी सूक्ष्म द्रव्यं थंडीनं गोठवून पकडायची हातोटी त्यांच्याकडे होती. तीच हातोटी त्यांनी शहराच्या हवेवर वापरली आणि त्यांच्या नळीत तपकिरी, उग्र वासाचे थेंब जमले. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी मांडलं ते असं: पेट्रोलची वाफ आणि गाडीच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. धुरकं हे नुसतं चिमणीतून निघत नाही, ते वर आकाशात शिजतं. पालकाची, बीटची रोपं त्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या अशा धुरात ठेवली आणि शेतातल्या रोपांवर पडत होते तसेच डाग पाडून दाखवले. ओझोन मोजायला त्यांनी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरल्या; ओझोन जितका जास्त तितक्या लवकर रबराला चिरा. लॉस एंजेलिसमध्ये गाड्यांची रबरं इतक्या लवकर का तडकतात, याचंही उत्तर त्यात होतं.

तेल उद्योगाच्या पैशावर अभ्यास करणाऱ्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. हागेन-स्मिट शांत स्वभावाचे होते म्हणतात, पण यानंतर त्यांनी अननस बाजूला ठेवला आणि उरलेलं आयुष्य धुरक्याला दिलं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाचं हवा-मंडळ स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. १९७१ साली याच मंडळानं उन्हाळ्याच्या पेट्रोलवर नऊ पौंडांची मर्यादा घातली. पेट्रोल किती उडावं हे गाडीच्या सोयीनं न ठरता माणसाच्या श्वासानं ठरावं, हा विचार तिथे कायद्यात आला. माझ्या मते पेट्रोलच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फेर आहे. शिसं काढून टाकण्याच्या तोडीचा.

बाकीच्या देशाला मात्र आणखी अठरा वर्षं लागली. आणि त्या अठरा वर्षांत जे झालं, त्याचा मला आजही संताप येतो.

१९७०-७१ पासून गाड्यांत कोळशाचा डबा बसू लागला. टाकीतून निघणारी वाफ या डब्यातल्या सक्रिय कोळशात अडकते आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. साधी, सुंदर युक्ती. हा डबा पुरेसा आहे की नाही याची सरकारी चाचणी ज्या पेट्रोलवर होई ते नऊ पौंडांचं. पण पंपावरचं पेट्रोल नऊवर थांबलं नव्हतं. शिसं कमी करावं लागल्यावर ऑक्टेन सांभाळायला काहीतरी हवं होतं. ब्युटेनचं ऑक्टेन चांगलं आणि भाव पेट्रोलपेक्षा कमी. स्वस्त माल महाग मालात घालून महाग मालाच्या भावानं विकायला कुणाला नको असतं? दरवर्षी थोडं थोडं करत १९८० च्या दशकाच्या मध्याला देशाच्या बऱ्याच भागांत उन्हाळी पेट्रोल साडेअकरा पौंडांपर्यंत चढलं. डबा बनला नऊसाठी, त्याच्यावर येतंय साडेअकरा. भर दुपारी वाहनतळावर उभी असलेली गाडी, इंजिन बंद, धूर नाही, आवाज नाही, आणि तिच्यातून वाफ हवेत चालली आहे. कागदावर गाड्या स्वच्छ, आकाश तपकिरी.

१९८२ साली लग्न होऊन मी आले ती पॅसाडेनाजवळच्या एका गावात. जूनमध्ये आले. घराच्या उत्तरेला डोंगर आहे हे मला ऑक्टोबरात कळलं, पहिला वारा सुटल्यावर. सॅन गॅब्रिएलची ती रांग दहा हजार फुटांच्या वर जाते, आणि चार महिने मी तिच्या पायथ्याशी राहून ती पाहिली नव्हती. शाळेत मुलांना मैदानावर सोडायचं की नाही हे धुरक्याच्या इशाऱ्यावरून ठरे. लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात १९७७ साली पहिल्या पातळीचे इशारे १२१ दिवस दिले गेले होते. वर्षाचे दिवस किती, याचा हिशेब करा.

शेवटी १९८९ मध्ये संघराज्याच्या पर्यावरण खात्यानं देशभर मर्यादा घातली. प्रांताप्रमाणे साडेदहा, साडेनऊ, नऊ. १९९२ पासून ती सर्वत्र नऊवर आणि दक्षिणेकडच्या तापलेल्या, धुरकट शहरांत ७.८ वर आली. पंपावर ती १ जून ते १५ सप्टेंबर लागू. साठवणुकीच्या टाक्यांना महिनाभर आधी, १ मेपासून. कॅलिफोर्निया पुन्हा पुढे गेला. १९९२ मध्ये ७.८, आणि १९९६ च्या वसंतात ७. हवेच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी.

त्या १९९६ च्या फेब्रुवारी-मार्चचे दिवस मी विसरणार नाही. ऋतू बदलायचा म्हणजे रिफायनरीत काय होतं, ते पंपावर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. हिवाळी पेट्रोलच्या टाक्या आधी तळापर्यंत उपसाव्या लागतात. बारा पौंडांचं थोडं जरी तळाशी राहिलं तरी वर ओतलेलं सात पौंडांचं बिघडतं. ब्युटेन तर बाहेर काढायचाच, पण सातवर आणायचं तर त्यामागून पेंटेनही काढावा लागतो. हे काढलेलं ठेवायचं कुठे? गोल टाक्यांत, दाबाखाली. त्या भरल्या की रेल्वेच्या टँकरांत. सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर तोच माल परत आणून मिसळायचा. जितका हलका भाग काढला तितकं पेट्रोल कमी भरतं. ती जागा अल्किलेटसारख्या महाग मालानं भरायची. उन्हाळी पेट्रोल वसंतात महाग होतं, त्यात ही सगळी मेहनत आणि ही घट आहे. याच मोसमात रिफायनऱ्या दुरुस्तीसाठी बंदही ठेवतात, त्यामुळे माल आणखी अपुरा.

त्या मोसमात एका पहाटे माझ्या हातून चूक झाली. विक्रीच्या टाकीचा नमुना आला, मी बाँब लावला, आकडा आला ६.८. मी सही केली. पाइपलाइनला माल सोडायची वेळ ठरलेली होती. सकाळच्या पाळीच्या बाईनं दुसरा नमुना लावला तर ७.३. मी धावत कपाटाशी गेले, माझी बाटली काढली. ती जेमतेम निम्मी भरलेली होती. बाटली सत्तर टक्क्यांच्या वर भरलेली नसेल तर हलका भाग वरच्या मोकळ्या जागेत उडून बसतो आणि आकडा खोटा उतरतो. हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवत होते आणि त्या पहाटे बाटलीकडे पाहिलंच नव्हतं. माल सुटायला वीस मिनिटं होती. टाकी थांबवली, अल्किलेट ओतलं, फिरवलं, पुन्हा मोजलं. एक दिवस गेला. माझा वरिष्ठ, टेक्सासकडचा म्हातारा, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अर्धा पौंड. टाकी ऐंशी हजार बॅरलची. किती वाफ झाली असती, काढ हिशेब." मी तो काढला. त्या दिवसापासून बाटली उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी एकही नमुना लावला नाही.

त्याच उन्हाळ्यात अण्णा आले होते. पंपावर मला काळ्या रबरी घड्यांची नळी टाकीच्या तोंडाशी दाबून धरताना पाहून त्यांनी विचारलं, "हे कशाला गं?" मी म्हटलं, "अण्णा, टाकीतली वाफ परत खाली जमिनीतल्या टाकीत ओढली जाते. हवेत सोडायची नाही." ते थोडा वेळ नळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे झाकण लावलं तुम्ही." त्या वसंतात भाव चढले म्हणून वर्तमानपत्रं नव्या पेट्रोलला शिव्या घालत होती. हवा-मंडळाचा हिशेब होता की या पेट्रोलानं पस्तीस लाख गाड्या रस्त्यावरून उचलाव्यात इतका फरक पडतो. मला तो हिशेब अण्णांच्या त्या एका वाक्यात जास्त समजला.

या कामात सगळंच नीट झालं असं नाही. इंधन पुरतं जळावं म्हणून पेट्रोलमध्ये ऑक्सिजनयुक्त द्रव्य घालायचा नियम होता. कॅलिफोर्नियात त्यासाठी एमटीबीई वापरत. बाष्पदाबाच्या दृष्टीनं ते फार सोयीचं, कारण त्यानं आकडा फारसा हलत नसे. पण ते पाण्यात विरघळतं, आणि जमिनीखालच्या गळक्या टाक्यांतून ते थेट भूजलात उतरलं. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला आपल्या बऱ्याचशा विहिरी बंद कराव्या लागल्या. तांब्याभर पाण्यात औषधाचा थेंब पडावा तशी त्याची चव लागते. हवा राखता राखता पाणी गेलं. आम्ही ते मिसळत होतो. प्रयोगशाळेत कुणीही या शक्यतेचा विचार केला नाही, मीही नाही. राज्यानं एमटीबीई बंद केलं ते २००४ च्या सुरुवातीपासून.

त्याच्या जागी आलं इथेनॉल, आणि आमचं गणित फिरलं. शुद्ध इथेनॉल स्वतः फारसं उडत नाही, पण पेट्रोलमध्ये दहा टक्के घातलं की मिश्रणाचा बाष्पदाब जवळपास एका पौंडानं चढतो. देशाच्या बहुतेक भागांत कायद्यानं इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढी एक पौंडाची सूट दिली. मक्याच्या शेतकऱ्यांचं वजन त्यामागे होतं. कॅलिफोर्नियानं सूट दिली नाही. म्हणून आम्हाला इथेनॉल घालण्याआधीचं पेट्रोल सहा पौंडांच्या आत बनवावं लागू लागलं. सहा पौंड! १९८४ साली हा आकडा कुणी सांगितला असता तर मी बाँब गळतोय म्हटलं असतं.

सूट कधीच मिळाली नाही असंही नाही. कत्रिना वादळानंतर २००५ च्या ऑगस्टअखेरीस पर्यावरण खात्यानं उन्हाळी मर्यादा तात्पुरती उठवली. २०१२ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एक रिफायनरी आगीनंतर अर्धवट चालू, दुसरीची वीज गेलेली. भाव गॅलनला साडेचार डॉलरच्या वर गेले. ७ ऑक्टोबरला गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी हिवाळी पेट्रोल तीन आठवडे लवकर सोडायला सांगितलं. आमच्या गोल टाक्यांतला ब्युटेन त्या आठवड्यात बाहेर निघाला. भाव उतरले. मी हिशेबनीस नाही, लोकांची ओढाताण मी समजू शकते. तरीही त्या पाळीत ब्युटेनच्या झडपा उघडताना मला बरं वाटलं नाही, कारण लॉस एंजेलिसमध्ये ऑक्टोबर हा थंडीचा महिना नाही.

निवृत्तीनंतर मी चेंबूरला महिनाभर राहिले, तेव्हा भारतीय मानक चाळलं. बीएस-४ च्या पेट्रोलला बाष्पदाबाची मर्यादा बारा महिने एकच होती, ६० किलोपास्कल. म्हणजे पौंडांत सुमारे ८.७. ऋतूचा फरक तिथे दुसऱ्या एका आकड्यात होता. बाष्पदाबाची दहापट आणि ७० अंशांपर्यंत उडून जाणाऱ्या भागाच्या टक्क्यांची सातपट मिळवायची. ही बेरीज मे ते जुलै ७५० च्या आत आणि एरवी ९५० च्या आत हवी. आपला उन्हाळा मे ते जुलै, असं मानकात लिहिलेलं पाहून मला गंमत वाटली नाही, आपुलकी वाटली. पण तो आकडा इंजिन अडू नये म्हणून आहे. मुंबईत काय किंवा पुण्यात काय, गाड्या वाढल्या आहेत, ऊन भरपूर आहे आणि इथेनॉलही आता पेट्रोलमध्ये आहे. हागेन-स्मिटांच्या प्रयोगशाळेत जे शिजलं ते शिजायला एवढंच लागतं. ओझोन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा धुळीइतकी होत नाही. ती व्हायला हवी, आणि ती करताना उन्हाळी पेट्रोलचा विचार इंजिनाच्या पलीकडे जाऊन व्हायला हवा.

लॉस एंजेलिसची हवा आजही निर्मळ नाही. पण १९७७ मध्ये १२१ वेळा दिलेला तो इशारा १९९९ च्या अख्ख्या वर्षात एकदाही द्यावा लागला नाही. त्यात उत्प्रेरक बसवलेल्या धुराड्यांचा वाटा मोठा आहे, कोळशाच्या डब्यांचा आहे, आणि सात पौंडांचाही आहे.

वाचकांना एक विनंती. तुम्ही कॅलिफोर्नियात असा की कोल्हापुरात, पंपाची नळी आपोआप थांबली की थांबा. वरचे वीस-पंचवीस रुपये पुरे करायला किंवा काठोकाठ भरायला आणखी पेट्रोल टाकू नका. ते जास्तीचं पेट्रोल नळीवाटे कोळशाच्या डब्यात जातं, कोळसा भिजतो, आणि भिजलेला डबा वाफ अडवत नाही. आणि झाकण लगेच लावा.

देशाचा पेट्रोलचा उन्हाळा १५ सप्टेंबरला संपतो. लॉस एंजेलिसचा ३१ ऑक्टोबरपर्यंत चालतो.